राजदूत चालू करायची होती

चार वर्षं उभ्या असलेल्या राजदूतवरची घोंगडी मी दिवाळीच्या पाडव्याला वढली, आन् पयल्यांदा काय झालं असंल तर शिंकून शिंकून बेजार झालो. घोंगडीचे केस, कांद्याची टरफलं, उंदरांच्या लेंड्या, समदं एकदम नाकात. कांद्याच्या चाळीत दुसरं काय असणार म्हणा. टायर बसलेले, आरशाला जाळी, सीटच्या कोपऱ्यात उंदरानं बीळ केलेलं. किकवर पाय ठिवला तर किक हलंना. मी म्हणलं, हलशील. तुझा बा पण हलंल.

अर्ध्या तासापूर्वीच मल्हारला एसटीत बसवून आलो होतो. मल्हार म्हंजी माझं एकुलतं पोरगं. रांजणगावच्या कंपनीत हाय, कारेगावात खोली घेऊन ऱ्हातो, त्यो आन् त्याची बायको प्रतिभा. दिवाळीला एक रात आला न् निघाला. खांद्यावर बाजरीचं पोतं, हातात पिशवी, आन् पायरीवर पाय ठिवता ठिवता म्हणला, "आबा, गाडी असती ना, तर घरूनच कामाला येऊन-जाऊन केलं असतं."

हे त्यो आधी पण एकदा बोलला होता. त्याची आई गेली तवा, दहाव्याच्या दिवशी, नदीवर. तवा माझं डोकं ठिकाण्यावर न्हवतं. पण दुसऱ्यांदा बोलला तसा मी ते धरूनच बसलो. शिफ्ट सकाळी सातची आन् वडगावातनं पयली एसटी हालती त्याच्या नंतर. म्हंजी अडचण काय, तर गाडीची. आन् गाडी तर आपल्या चाळीत उभी. एवढं साधं मला दोन वर्षं कसं सुचलं न्हाई, ह्याचाच राग आला.

खरं सांगायचं तर मला एकट्याला घरात करमत न्हाई. हे मी कुणाला बोललेलो न्हाई, बबनरावाला तर मुळीच न्हाई. त्याचं दुकान, त्याचा फोनचा डबा, त्यो सांजपर्यंत गावभर करील. पण करमत न्हाई. सकाळी उठलं की घरात कुणी भांडं आदळत न्हाई. दोन भाकरी थापतो, एक आत्ता, एक रातीला. रेडिओ लावून ठिवतो, बाजारभाव सांगितलं तरी ऐकतो, माणसाचा आवाज म्हणून. पोरगा-सून घरी आली तर काय मागत होतो मी? शिफ्टवरनं आला की दारात गाडी लावायची आवाज करून, बास. म्हणून ही राजदूत मला चालू करायची होती.

आता ही गाडी आली कुठनं ते सांगतो. आम्ही मूळचे मेंढरंवाले. माझा बा मेंढरांचं वाडं घिऊन कोकणात उतरायचा. मी पण पोरपणी मागनं चाललेलो हाय. पुढं भीमेचं पाणी आलं, ऊस आला, कांदा आला, आन् आम्ही वडगावातच टेकलो. शेवटची मेंढरं दिली तवा मी ही राजदूत घेतली. गावातली माणसं म्हणायची, रखमाजीनं मेंढरं इकून लोखंडाचा मेंढा आणला. म्हणू द्या. नकुशी, मल्हारची आई, मागं बसायची तवा पदर असा डोक्यावरनं घिऊन दातात धरायची आन् जेजुरीपर्यंत एक शब्द बोलायची न्हाई. भ्यायची. पण उतरायची पण न्हाई.

मग मी पुलाच्या उतरणीला पडलो. वाळू होती रस्त्यावर. गुडघा गेला. प्लास्टर घालून मी खाटंवर, आन् नकुशीनं गाडी ढकलत चाळीत न्हेली. आतनं खुडबुड ऐकू यायची. मी खाटंवरनंच वरडायचो, "काय करतीयास गं?" ती म्हणायची, "काय न्हाई. ठेवणीत टाकते तुमची गाडी." गुडघा सुधारला, पण तिनं काय मला पुन्यांदा गाडीला हात लावू दिला न्हाई. आन् मग दोन वर्षांनी तीच गेली. ती घोंगडी तिनं घातलेली, म्हणून मी कधी उचलली न्हाई. एवढंच.

तर पाडव्यापासनं मी गाडीच्या मागं लागलो. किकच्या सांध्यात रॉकेल सोडलं, दोन दिवस मुरू दिलं, तवा किक हलली. टायर काढून सायकलवर बांधून हवा भरून आणले. घरात होतं तेवढं पेट्रोल, फवारणीच्या पंपाचं, टाकीत ओतलं. झाकण काढायचं, ओतायचं, झाकण लावायचं. आत बघायचं काय सुचलं न्हाई. किक मारली. मारली, मारली. गुडघा सुजला. गाडी ढिम्म. उतारावर लोटून बघितली, तर खाली गेली आन् खालीच उभी ऱ्हायली, मग वर चढवायला शेजारचा गडी बोलवावा लागला. त्यो फिदीफिदी हसत होता. त्याला म्हणलं, ढकल गप.

मग मांडवगणला म्हस्कूकडं गेलो. म्हस्कू मेकॅनिक म्हंजी स्टँडच्या मागं बाभळीखाली पत्र्याचा आडोसा, तेच त्याचं गॅरेज. माणूस चांगला पण तोंड फाटकं. म्हणला, "आबा, गाडी हितं आणा."

"आणायला चालू पायजे ना ती."

"मग टेम्पोत टाका."

"आन् तू आला तर तुझं काय झिजतंय का?"

त्यो म्हणला, "चार वर्षं उभी म्हंजी गेली ती. भंगारात घाला." मी म्हणलं, तुला घालीन भंगारात. तिथंच त्याच्या बाकड्यावर बसून ऱ्हायलो. दुसऱ्या दिवशी परत जाऊन बसलो. तिसऱ्यांदा गेलो तवा त्यानं कपाळावर हात मारला आन् पिशवी उचलली.

म्हस्कूनं आधी प्लग काढला. काळा ठिक्कर. पॉलिश पेपरनं घासला, वायरीला लावून इंजनाला टेकवला आन् मला म्हणला मारा किक. निळी ठिणगी पडली. "करंट हाय," म्हणला, जरा नवल वाटल्यागत. मग टाकीखालचा पाइप काढून कॉक सोडला. पेट्रोलचा एक थेंब आला न्हाई. "टाकीत पेट्रोल हाय का आबा?" म्हणलं, "मी ओतलंय की." त्यानं झाकण काढलं, वाकून बघितलं, मग तार वाकडी करून आत घातली आन् वर वढली. तारंला काळा चिकट लगदा. परत घातली, परत लगदा. बोटानं चोळला, हुंगला.

"आबा, हे काय हाय?"

मी हातात घेतला. देठ होते बारके. पानं कुजून काळी झालेली, पण कडा कळत होत्या, करवतीसारख्या. कडूलिंबाचा पाला होता.

आमच्यात जवारी कणगीत भरायची तर खाली-वर लिंबाचा पाला घालत्यात. किडा लागत न्हाई. नकुशी तर ह्यात लई कडक, पाल्याचा थर दिल्याबिगर कणगीला झाकण घालू द्यायची न्हाई. तिनं टाकीत मुठी मुठी पाला दाबून भरला होता. गाडी ठेवणीत टाकायची म्हंजी किडा लागू नये एवढंच तिला ठावं.

म्हस्कू हसाय लागला. हसता हसता खाली बसला. "टाकीत कुणी पाला घालतं व्हय? जवारी हाय का ती?" मग सायलेन्सरच्या तोंडात स्क्रूड्रायव्हर घातला आन् तिथनं पण बोळा निघाला, पांढऱ्या-काळ्या लोकरीचा. चांगली पिंजलेली, आमच्याच मेंढरांची, घरात जपून ठिवलेली. उंदीर शिरू नये म्हणून. ते बघून तर त्यो डोळंच पुसाय लागला. "कुणी केला आबा ह्यो उद्योग?"

मी म्हणलं, "नकुशीनं."

त्यानं ती लोकर हळूच बाजूला ठिवली. त्याला ठावं होतं ती गेल्याचं.

मी रडलो. म्हस्कूपुढं रडलो, त्यात लपवायचं काय. बाई चार यत्ता पण शिकल्याली न्हाई, गाडीला भ्यायची, मला पाडलं म्हणून गाडीवर राग धरून होती, आन् तरी बसून एवढी लोकर पिंजली तिनं. मी पलीकडं खाटंवर वरडत पडलो होतो.

म्हस्कूनं मग काम मात्र मन लावून केलं. टाकी उतरवली. नदीतले बारके गोटे आत टाकून आम्ही दोघांनी ती धरून हलवली, हात भरून आले पार. गंज, लगदा, समदं रॉकेलनं धुऊन काढलं. कार्बोरेटर खोलून परातीत मांडला, एकेका भोकात फुंकर. त्यो म्हणला जुनं पेट्रोल आन् पाला मिळून आत डिंक झाला होता, हिला शंभर किका मारल्या असत्या तरी उठली नसती. नवं पेट्रोल, ऑईल मिसळून. मी किक मारली, खोकली. परत मारली, परत खोकली. मग म्हस्कूनं मला बाजूला सारलं, चोक वढला आन् अशी एक हाणली की गाडी भडकलीच. पांढरा धूर एवढा की चाळ दिसंना. कोंबड्या पळाल्या. शेजारीण धुरपदा, म्हातारी, काठी टेकत बघाय आली, तिला वाटलं आग लागली. फट फट फट फट. चार वर्षांत त्या आवारात एवढा आवाज झाला न्हवता. मला लई बरं वाटलं, छाती अशी मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी बबनरावाच्या दुकानात जाऊन मल्हारला फोन लावला. गाडीचं बोललो न्हाई. म्हणलं, "गुरुवारी ये. काम हाय." कंपनीला सुट्टी गुरुवारची.

तवर मी आतली खोली रिकामी केली. खताची पोती होती ती चाळीत हलवली. गोधड्या उन्हात टाकल्या. भिंतीला चुना दिला. प्रतिभाला लागंल म्हणून खिळा ठोकून आरसा लावला. सकाळी सातच्या शिफ्टला किती वाजता निघावं लागंल ते पण बघून ठिवलं, मी स्वतः रांजणगावच्या वाटंनं न्हावऱ्याच्या पुढपर्यंत जाऊन आलो गाडीवर. गुडघा दुखला, पण आलो. डबा मी केला असता. मला भाकरी येती की.

गुरुवारी मल्हार आला, एकटाच. प्रतिभाला धुणं होतं म्हणला. मी त्याला बसू पण दिला न्हाई, हाताला धरून चाळीकडं न्हेला. गाडी पुसून चकचकीत उभी. त्याच्यापुढं मी चोक वढला, किक मारली, दुसऱ्या किकंला चालू. त्यो बघतच ऱ्हायला. आता मला काय अवदसा आठवली कुणास ठाऊक, मी टांग टाकली आन् पार नदीच्या घाटापर्यंत जाऊन वळवून आणली. म्हाताऱ्याच्या अंगात काय शिल्लक हाय ते पोराला दाखवायचं होतं. आलो तर त्यो हसत होता, अगदी लहानपणी हसायचा तसा.

"आबा, झ्याक चालवताय की. गुडघा?"

"काय झालंय गुडघ्याला?"

जेवायला बसलो. पिठलं केलं होतं. मी वाट बघत होतो त्यो कवा काढतोय विषय. त्यानंच काढला.

"लई बरं झालं बघा आबा," म्हणला. "माझ्या डोक्यावरचं वझंच उतरलं. मला सारखी काळजी, आबा एकटं हायेत, जाऊन आलं पायजे. सुट्टी एकच, त्यात निम्मा दिवस एसटीत. आता तुम्हीच येत जावा गुरुवारचं. सकाळी निघायचं, जेवून सांजच्याला माघारी. प्रतिभा पण म्हणत होती, आबा येत न्हाईत म्हणून."

मी घास गिळला. म्हणलं, "आन् तू? तू न्हेणार न्हाईस गाडी? कामाला येऊन-जाऊन..."

"मी?" म्हणला. "मला कंपनीची बस हाय की आबा. खोलीच्या कोपऱ्यावरनं उचलती. मला काय करायचीय गाडी?"

त्यो काय खोटं बोलत न्हवता. एसटीत चढताना, बाप खाली एकटा उभा दिसल्यावर माणूस बोलतो कायतरी. मलाच ते खरं धरायचं होतं. आता चूक काढायची कुणाची? पोरगं चांगलं हाय. माझी काळजी करतं. मला चालवता येतं हे मीच त्याला दाखवलं, घाटापर्यंत जाऊन.

म्हणलं, "व्हय. येईन की."

निघताना हात धुवायला आत गेला, तर नव्या चुन्याच्या भिंतीवरचा आरसा बघून म्हणला, "आरसा बरा हाय," आन् खिशातली फणी काढून भांग पाडला. पोती का हलवली ते त्यानं इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई.

एक गुरुवार गेलो पण मी कारेगावला. दहा बाय दहाची खोली, वर पत्रा. मी खाटंवर बसलो की प्रतिभाला स्टोकडं जायला वाट ऱ्हाईना, मी उठलो की मल्हारला पाय पसरायला ऱ्हाईना. शेजारच्या खोलीत भैया लोकांचा टीव्ही. पोरीनं चांगलं केलं, गोड पण केलं. पण आठवड्याची सुट्टी त्यांची, धुणं वाळत घालायचं, बाजार करायचा, आन् मधी मी पाहुण्यासारखा टोपी मांडीवर घिऊन. दुपारीच निघालो. वाटंत न्हावऱ्याच्या पुढं गाडी थांबवून उगाच बसलो झाडाखाली. घरी जायची घाई कुणाला होती? माणसं असून आपण कुठलंच न्हाई असं वाटलं, ते एकटं ऱ्हाण्यापेक्षा वाईट.

पुढच्या बुधवारी बबनरावाचा गडी बोलवायला आला, मल्हारचा फोन हाय. मी गेलो गाडीवरच, दुकानापुढं लावली. इंजन गरम होतं आजून, टक टक करत होतं.

"आबा, उद्या येताय ना?"

मी म्हणलं, "न्हाई रे. गाडी बंद पडली."

बबनरावानं मान वर केली. दारातल्या गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं पाठ केली.

"आत्ता तर चालू झाली होती," मल्हार म्हणला. "काय झालं?"

"आता मला काय कळतंय त्यातलं. किका मारून दमलो. तूच ये उद्या."

मग म्हणला, "बरं. बघतो आबा, काळजी करू नका. करतो कायतरी."

करतो म्हणला म्हंजी येतो, असं मी धरलं. गुरुवारी सकाळी कोंबडा कापला. आमचा वार रविवार, खंडोबाचा, गुरुवारी खायला हरकत न्हाई. तिघांचा रस्सा टाकला, प्रतिभा आली तर. धुरपदाकडनं लिंबू मागून आणलं. गाडी चाळीत ढकलून ठिवली, वर घोंगडी पण टाकली, बंद गाडी दिसावी म्हणून. एसटी येऊन गेली. उतरणाऱ्यात कुणी आपलं न्हवतं. म्हणलं, दुसऱ्या गाडीला असंल.

दुपार कलायच्या आत वळणावर फटफटीचा आवाज आला. मी दारात उभा ऱ्हायलो. आला तर म्हस्कू, त्याच्या त्या खिळखिळ्या एम-एटीवर, हँडलला पान्ह्यांची पिशवी अडकवून.

"स्टँडवर मल्हारचा फोन आला होता," म्हणला. "आबांची गाडी बंद पडलीय, लगीच जाऊन बघ म्हणला. लई काळजीत होता."

त्यो चाळीत गेला, घोंगडी वढली, बसून कॉक बघितला, पाइप बघितला. मग उठून नुसती किक मारली. पयल्याच किकंला चालू.

त्यानं जरा येळ गाडी चालू ठिवली. रेस वाढवून बघितली, कमी करून बघितली. मग बंद केली आन् पान्हा पिशवीत टाकला.

"आबा, काय झालं होतं गाडीला?"

"काय न्हाई," म्हणलं. "पोरगं यावं म्हणून बंद पडली होती."

म्हस्कू हाताचं ऑईल पुसत बसला, कितीतरी येळ. मीच म्हणलं, "हात धू. कोंबडा शिजलाय. जेवूनच जा आता."

त्यो बसला. मी ताट वाढलं, लिंबाची फोड ठिवली. मान खाली घालून जेवत होता. निम्मी भाकरी झाल्यावर म्हणला, "मल्हारला काय कळवू?"

मी त्याला आजून रस्सा वाढला.

"चालू झाली म्हणून सांग."